मुलांसाठी घरी किडे पाळायचे तर: पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

शिकण्यासाठी म्हणून किडे विकत आणण्याची हौस आता बऱ्याच देशांत रुळली आहे. अळ्यांचा कप आणि जाळीचा पिंजरा असा फुलपाखरांचा संच, दोन पारदर्शक पट्ट्यांमधलं मुंग्यांचं घर, काडीकिड्यांची अंडी, भुशात वाढणारी भुंगेऱ्याची जाडजूड अळी, असं बरंच काही घरपोच येतं. अमेरिकेत मिल्टन लेव्हिन यांनी १९५६ मध्ये मुंग्यांचं प्लास्टिकचं घर बाजारात आणलं, ते पुढे कित्येक दशकं खपत राहिलं. जपानमध्ये काबुतोमुशी आणि कुवागाता हे शिंगवाले, जबडेवाले भुंगेरे उन्हाळ्यात मोठमोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही मिळतात. सोबत त्यांच्या खाण्यासाठी जेलीचे छोटे कप आणि अळ्यांसाठी खास भुसाही असतो.

खोक्यावरचं चित्र बघून संच उचलला जातो आणि अडचणी पुढच्या आठवड्यात सुरू होतात. म्हणून किडा दिसतो कसा हे सगळ्यात शेवटी बघा. आधी तीन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: तो खातो काय आणि ते रोज ताजं मिळेल का, तो जगतो किती दिवस, आणि त्याची पिल्लावळ जाणार कुठे. तिन्हींची उत्तरं मिळाली तर पाळणं सोपं आहे. एकाचंही मिळालं नाही तर तो किडा सोडून दुसरा बघा.

पायरी १: मुलाला काय बघायचंय ते ठरवा

‘किडे बघायचेत’ हे उत्तर पुरेसं नाही. अळीचं काहीतरी वेगळंच होतं, हा चमत्कार बघायचा असेल तर पूर्ण रूपांतरण होणारा किडा हवा: रेशीम किडा, मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) किंवा फुलपाखरू. अंडी, अळी, कोष, प्रौढ अशा चार अवस्था त्यांत दिसतात. रातकिडे आणि काडीकिडे यांचं तसं नाही. त्यांची पिल्लं जन्मतःच आईबापांसारखी दिसतात, फक्त पंख नसतात किंवा अर्धवट असतात, आणि कात टाकत टाकत ती मोठी होतात. आवाज, कान, पंख यांत रस असेल तर रातकिडा. लपण्याची कला बघायची असेल तर काडीकिडा. कामाची वाटणी आणि वसाहत बघायची असेल तर मुंग्या, पण मुंग्या पहिल्या खेपेला नकोत. का, ते पुढे येईल.

मुलाचं वयही बघा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाने बघावं, हाताळणं मोठ्यांनी करावं. सहा-सात वर्षांचं मूल तळहातावर अळी घेऊ शकतं. खाणं घालण्याचं काम आठ-नऊच्या पुढे नेमून द्यावं, आणि तरीही रोज एक नजर मोठ्यांनी टाकायचीच. मूल विसरलं म्हणून किडा उपाशी मरावा, ही शिक्षा किड्याला कशाला?

पायरी २: किडा निवडा

नवख्यांसाठी माझी पहिली पसंती मीलवर्मला. दिसायला काहीच विशेष नाही, आणि म्हणूनच ते संचांच्या जाहिरातीत कमी दिसतात. ही टेनेब्रियो मोलिटर नावाच्या काळपट भुंगेऱ्याची पिवळसर अळी. ती कोरड्या कोंड्यात राहते, तोच कोंडा खाते, गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही आणि तिला वास जवळजवळ नसतो. चार दिवस घर बंद राहिलं तरी तिचं बिघडत नाही. अंडी फुटायला एक-दोन आठवडे, अळीची वाढ व्हायला साधारण दोन-तीन महिने, कोष एक-दोन आठवडे, मग भुंगेरा दोनेक महिने जगतो. थंडीत हे सगळं लांबतं. संथ आहे खरं, पण विकत आणताना लहानमोठ्या अळ्या मिसळून आणल्या तर महिन्याभरात कोषही दिसतो आणि भुंगेराही.

दुसरी पसंती रेशीम किड्याला, पण एका अटीवर: चालत जाऊन आणता येईल इतक्या जवळ तुतीचं झाड हवं. तुती नसेल तर रेशीम किडा आणूच नये. तुतीच्या भुकटीचं तयार खाद्य मिळतं, त्यावर अळ्या वाढतातही, पण ते बुरशी धरतं आणि नवख्याच्या हातून हमखास खराब होतं.

काडीकिडे सांभाळायला सोपे आणि बघायला मजेशीर. प्रयोगशाळांत आणि शाळांत जगभर पाळली जाणारी कॅराउशियस मोरोसस ही जात ब्लॅकबेरी, आयव्हीचा वेल, प्रिव्हेट हे कुंपणाचं झुडूप, गुलाब यांची पानं खाते. तिच्यात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्या अंडी घालतात. याचा अर्थ एक किडा आणला तरी पुढे शेकडो होऊ शकतात. काही देशांत काडीकिडे पाळायला परवाना लागतो, अमेरिका त्यांपैकी एक.

रातकिडे स्वस्त, चपळ आणि गोंगाटी. नर रात्रभर वाजतो, त्यामुळे झोपायच्या खोलीत त्यांना जागा नाही. फुलपाखरांच्या संचातल्या अळ्या बहुधा तयार खाद्याच्या कपातच येतात. दोन-तीन आठवड्यांत सगळं उरकतं, मुलाला करायला फारसं काही उरत नाही. हौस आहे की नाही हे चाचपायला ठीक.

प्रार्थना कीटक मला नवख्यांच्या हाती द्यावासा वाटत नाही. अंड्यांच्या एका पुडीतून शंभरच्या वर पिल्लं बाहेर येऊ शकतात, ती एकमेकांना खातात, आणि प्रत्येकाला जिवंत भक्ष्य लागतं. जपानी पद्धतीचे मोठे भुंगेरे दिमाखदार असतात, पण त्यांची अळी कित्येक महिने भुशाच्या आत असते. मुलाला रोज दिसतो तो फक्त भुसा.

मुंग्यांबद्दल सांगायचं राहिलं. विकत मिळणाऱ्या अनेक संचांत नुसत्या कामकरी मुंग्या असतात, राणी नसते. राणीशिवाय नवी मुंगी जन्मत नाही, त्यामुळे ती वसाहत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपते. राणीसकट वसाहत आणली तर उलट अडचण. ब्रिटिश अभ्यासक जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात पाळलेली एक राणी जवळपास १५ वर्षं जगली. मूल कॉलेजात जाईल आणि मुंग्या तुमच्याकडे राहतील. पारदर्शक जेलीच्या घरांचंही एक लक्षात घ्या: जेलीत पाणी आणि साखर असते, पिल्लं वाढवायला लागणारी प्रथिनं नसतात.

पायरी ३: विकत घेताना काय विचारायचं

विकणाऱ्याला जातीचं शास्त्रीय नाव विचारा. ते त्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका, कारण नावाशिवाय खाणं, आयुष्य, कायदा यांतलं काहीच तपासता येत नाही. किडे बंदिस्त जागी पैदास केलेले आहेत की रानातून पकडलेले, हे विचारा. रानातून पकडलेल्या किड्यांसोबत परजीवी येतात. अळीवर बसलेल्या परजीवी माशीचं किंवा गांधीलमाशीचं पिल्लू कोषातून बाहेर पडताना बघणं शैक्षणिक असेलही, पण पहिल्याच खेपेला मुलाच्या ते जिव्हारी लागतं. अळी सध्या कोणत्या अवस्थेत आहे, आतापर्यंत काय खात होती, हेही विचारून घ्या. वाढत्या अळ्या अचानक बदललेलं खाणं बरेचदा नाकारतात.

रेशीम किड्याची अंडी घेणार असाल तर एक प्रश्न जास्तीचा: ही अंडी लगेच फुटणारी आहेत की थंडी लागणारी? काही जातींची अंडी घातल्यावर साधारण दहा दिवसांत फुटतात. काहींना मधे थंडीचा काळ मिळाल्याशिवाय ती फुटतच नाहीत.

परदेशी जात असेल तर तुमच्या देशात ती पाळण्याची परवानगी आहे का, हे आधी बघा. आणि तुमच्या हातात डबा येण्याआधी खाणं घरात आलेलं असावं. हा क्रम उलटा झाला की पहिल्या दिवसापासून पळापळ.

संख्या कमी ठेवा. मीलवर्म तीस-चाळीस चालतील. रेशमाच्या अळ्या दहा, काडीकिडे तीन-चार, रातकिडे सहा-सात. अंड्यांचं पाकीट पाचशेचं मिळत असेल तर ते चार घरांत वाटून घ्या.

पायरी ४: घर तयार करा

महाग संचाची गरज बहुतेक वेळा नसते. मीलवर्मला गुळगुळीत बाजूंचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला बारीक जाळी, आत तीन-चार सेंटिमीटर गव्हाचा कोंडा किंवा ओट्स, वर अंड्यांच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा. झालं. पाणी फवारायचं नाही, वाटीही ठेवायची नाही. गाजराची किंवा बटाट्याची चकती ठेवली की त्यातूनच पाणी मिळतं. चकती दोन दिवसांनी बदला, बुरशी दिसली तर त्याच दिवशी. हा किडा साठवलेल्या धान्याची कीड आहे हे विसरू नका. डबा स्वयंपाकघरापासून आणि पिठांपासून लांब ठेवा.

काडीकिड्याला उंची लागते. तो उलटा लटकून कात टाकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो. खाली जागा नसेल तर अंग अडकून वाकडं होतं किंवा पाय तुटतात. पिंजऱ्याची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. प्रौढ मादी साधारण आठ सेंटिमीटरची, त्यामुळे तीस सेंटिमीटर उंच पिंजरा उत्तम. फांद्या पाण्याच्या अरुंद बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर पिल्लं आत बुडतात. संध्याकाळी पानांवर हलका फवारा मारला की ते थेंब पितात.

रातकिड्यालाही उघडं पाणी नको. ओला कापूस ठेवा. लपायला पुठ्ठे, अंडी घालायला ओलसर मातीची वाटी. मादी ओळखायची खूण सोपी: शेपटीकडे सुईसारखी लांब नळी दिसते, तिने ती मातीत अंडी घालते.

घर कोणाचंही असो, ते उन्हात ठेवायचं नाही. बंद काचेच्या डब्यावर थेट ऊन आलं तर आतलं तापमान थोड्याच वेळात जीवघेणं होतं. डब्याच्या भिंतीवर पाण्याचे थेंब जमायला लागले तर हवा खेळत नाही असं समजा आणि झाकण बदला.

आणि एक गोष्ट ठळक लिहून भिंतीवर लावण्याजोगी: डास मारण्याची लिक्विडं, वड्या, स्प्रे यांच्यातली रसायनं डास आणि रेशीम किडा असा भेद करत नाहीत. ज्या खोलीत किडे आहेत तिथे यातलं काहीही लावायचं नाही. डांबराच्या गोळ्या नकोत. हाताला डास पळवणारं क्रीम लावून अळीला हात लावायचा नाही.

पायरी ५: रेशीम किडा, अंड्यापासून पतंगापर्यंत

इथे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण मुलांना सगळ्यात जास्त हेच बघायचं असतं, आणि चुकायला जागाही इथेच जास्त.

अंड्यातून निघालेली अळी जेमतेम तीन मिलिमीटरची, काळी, धाग्याच्या तुकड्यासारखी दिसते. तिला हाताने उचलू नका, मऊ ब्रश वापरा. पहिल्या काही दिवसांत तुतीची शेंड्याकडची कोवळी पानं बारीक चिरून द्या. या वयात पानं वाळली की अळ्या उपाशी राहतात, म्हणून डबा सैल झाकलेला ठेवा. तापमान साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस चांगलं.

पानं धुतली तर पूर्ण कोरडी करूनच द्या. ओली पानं खाल्लेल्या अळ्यांना जुलाबासारखा त्रास होतो आणि मग रोग पसरतो. झाडावर औषध फवारलेलं नाही याची खात्री करा. नव्या झाडाची पानं आणली असतील तर आधी दोनच अळ्यांना द्या आणि एक दिवस थांबा. नर्सरीतून आणलेल्या रोपांच्या बाबतीत तर हे हमखास करा.

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. प्रत्येक कातीआधी ती खाणं थांबवते, डोकं वर उचलते आणि दिवसभर तशीच गप्प बसते. मूल सांगत येतं की अळी आजारी पडली. आजारी नाही, तिला हलवू नका, ताजा पाला घालू नका, सगळ्या उठल्या की मग द्या.

पाचव्या अवस्थेत खरी कसोटी. ही अवस्था आठवडाभर चालते आणि अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं या आठवड्यात खाते. एका अळीला जन्मभरात सुमारे २५ ग्रॅम पाला लागतो. दहा अळ्या म्हणजे पाव किलो, शंभर अळ्या म्हणजे अडीच किलो, आणि तोही बराचसा शेवटच्या आठवड्यात. संख्या कमी ठेवा, हे आधी सांगितलं त्यामागचा हिशेब हाच. या दिवसांत रात्री शांततेत कान दिला तर चघळण्याचा बारीक सरसर आवाज ऐकू येतो.

सफाईसाठी रेशीम उत्पादकांची एक युक्ती आहे. अळ्यांवर मोठ्या छिद्रांची जाळी पसरायची, जाळीवर ताजी पानं ठेवायची. अळ्या जाळीतून वर चढतात. मग जाळी उचलून बाजूला ठेवायची आणि खालचा कचरा, लेंड्या टाकून द्यायच्या. एकेक अळी हाताने उचलावी लागत नाही.

कोष विणायची वेळ आली की अळी खाणं सोडते, किंचित पारदर्शक पिवळसर दिसते आणि डोकं इकडेतिकडे हलवत कोपरा शोधते. उत्पादक यासाठी चंद्रिका, म्हणजे कोष विणायला आधार देणारी चटई, वापरतात. घरी पुठ्ठ्याच्या नळ्या किंवा अंड्यांच्या पुठ्ठ्याचे कप्पे चालतात. दोन-तीन दिवसांत कोष पूर्ण होतो. त्यातला धागा सलग असतो आणि शेकडो मीटर लांब भरतो.

एखादी अळी सपाट पुठ्ठ्यावर ठेवून बघा, तिला कोपरा मिळू द्यायचा नाही. आधार नसल्याने ती कोष विणू शकत नाही, पुठ्ठ्यावर रेशमाची सपाट चादर विणते आणि शेवटी उघडीच कोषावस्थेत जाते. एरवी कोषाच्या आत लपून होणारा बदल मुलाला डोळ्यांसमोर दिसतो. कोषावस्थेतला हा उघडा जीव मऊ कागदावर हलकेच ठेवून द्या, त्यातूनही पतंग बाहेर येतो.

साधारण दोन आठवड्यांत पतंग बाहेर येतो. कोषाचं टोक तो तोंडातल्या स्रावाने मऊ करून वाट काढतो. अशा कोषाचा सलग धागा निघत नाही. धागा काढायचा तर आतला जीव पाण्यात उकळून मारावा लागतो, आणि मूल विचारेल तेव्हा हे सरळ सांगावं. पतंग उडू शकत नाही आणि काही खात नाही. हजारो वर्षं माणसाच्या हाताखाली वाढल्याने ही जात रानात एकटी टिकत नाही. काही दिवसांत नर-मादी दोघंही मरतात. मादी त्याआधी तीनशे ते पाचशे अंडी घालून जाते.

पायरी ६: नुसतं बघू नका, नोंदवा

१६६० मध्ये फ्रँकफर्टमध्ये तेरा वर्षांची मारिया सिबिला मेरियन रेशीम किडे पाळून त्यांच्या अवस्थांची चित्रं काढू लागली. किडे चिखलातून, सडक्या वस्तूंतून आपोआप उपजतात असं तेव्हा बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही वाटायचं. तुमच्या मुलाला इतिहास घडवायचा नाही, पण पद्धत तीच वापरा: रोज ठरलेल्या वेळी एक चित्र, एक माप, एक वाक्य. मोबाइलने फोटो जरूर काढा, पण चित्र काढताना अळीच्या शरीराला वलयं किती, खरे पाय किती हे मोजावं लागतं आणि फोटोत ते सुटून जातं.

मोजण्यासारखं खूप आहे. दहा अळ्या एकत्र वजनकाट्यावर ठेवून सरासरी काढा. नुकत्याच जन्मलेल्या रेशीम अळीच्या तुलनेत पूर्ण वाढलेल्या अळीचं वजन सुमारे दहा हजार पटींनी जास्त असतं. हा आलेख मुलाने स्वतः काढला तर पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही आलेखापेक्षा जास्त लक्षात राहतो.

मीलवर्मसाठी सोपा प्रयोग: ताटलीची अर्धी बाजू काळ्या कागदाने झाका, मधोमध दहा अळ्या सोडा, पाच मिनिटांनी कुठे किती ते मोजा. मग ताटली फिरवून पुन्हा मोजा. फिरवायची का, हे मुलाला विचारा. त्या एका प्रश्नात प्रयोगशास्त्राचा मोठा भाग आला. सुपरवर्म नावाची मोठी, दुसऱ्या जातीची अळी मिळाली तर आणखी एक गंमत: घोळक्यात असताना ती कोषात जातच नाही, एकटी वेगळ्या डबीत ठेवली की जाते.

रातकिड्यांच्या बाबतीत तापमान आणि आवाज यांचं नातं बघा. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढण्याचं सूत्र मांडलं. त्यांचं सूत्र झाडावरच्या रातकिड्यांना जास्त लागू पडतं, डब्यातल्यांना नेमकं जुळणार नाही. पण मिनिटाला किती वेळा किरकिर आणि थर्मामीटर काय दाखवतो, एवढं आठवडाभर लिहिलं की उबेत वेग वाढतो हे आपसूक दिसतं. आणि हो, रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. भिंगातून ते शोधायला लावा.

काडीकिड्याचा एखादा पाय तुटला असेल तर त्याला वेगळं ठेवून बघत राहा. पुढच्या काती टाकताना नवा पाय फुटतो, आधी छोटा, मग मोठा. प्रौढ झाल्यावर मात्र कात टाकणं थांबतं, त्यामुळे पाय फुटणंही.

पायरी ७: हाताळणी आणि स्वच्छता

किड्याला पायाने, पंखाने किंवा मिशीने धरायचं नाही. पानाला घट्ट पकडून बसलेली अळी ओढायची नाही, पानासकट उचलायची. काडीकिड्यासमोर तळहात धरला की तो स्वतः चढतो. कात टाकत असलेल्या किंवा नुकतीच टाकलेल्या किड्याला कवच घट्ट होईपर्यंत शिवायचं नाही.

केसाळ अळ्या पाळायला घेऊ नका, अनेकींचे केस त्वचेत रुतून आग करतात. धुळीतल्या माइट्स या अतिसूक्ष्म जीवांची किंवा कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना किड्यांच्या कातीच्या धुळीचाही त्रास होऊ शकतो, कारण कारणीभूत प्रथिनं सारखी असतात. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. डबा साफ केल्यावर साबणाने हात धुणं आलंच.

पायरी ८: बिघडलं तर

फुलपाखरू कोषातून बाहेर आल्यावर लालसर द्रव टाकतं. ते रक्त नाही, कोषात साठलेली टाकाऊ द्रव्यं आहेत. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड ठरलेली. पंख पसरून वाळायला त्याला काही तास लागतात, तोवर पिंजरा हलवायचा नाही.

रेशमाची अळी काळी, मऊ पडून वास मारू लागली, किंवा फुगून तिच्यातून पिवळट द्रव आला, तर ती ताबडतोब काढा, बाकीच्यांना स्वच्छ डब्यात हलवा आणि जुना डबा ब्लीचने धुऊन उन्हात वाळवा. मेलेली अळी पांढऱ्या खडूसारखी कडक झाली असेल तर ती बुरशी. याच रोगाचा अभ्यास करून इटलीतल्या आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवून दिलं की डोळ्यांना न दिसणारा सजीव प्राण्याला रोग देऊ शकतो. पाश्चर यांच्या कामाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मीलवर्मचे कोष अर्धवट कुरतडलेले दिसले तर भुंगेऱ्यांचा तो उद्योग आहे. कोष रोज वेचून वेगळ्या डबीत ठेवा. सगळं नीट करूनही काही किडे मरतातच. मुलाने विचारलं तर ‘झोपला’ म्हणू नका, मेला म्हणा. दहापैकी किती मेले आणि कोणत्या अवस्थेत, हे वहीत लिहून ठेवायला सांगा.

पायरी ९: जास्तीचे किडे

या टप्प्याची माहिती संचाच्या पत्रकात क्वचितच असते. ‘बागेत सोडून देऊ’ हे उत्तर बहुतेक वेळा चूक. १८६० च्या दशकाच्या अखेरीस एतिएन लेओपोल्द त्रुव्हेलो नावाच्या हौशी माणसाने युरोपातल्या एका पतंगाची अंडी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेडफर्ड गावी आणली. रेशमासाठी प्रयोग करायचा होता. काही अळ्या निसटल्या. वीसेक वर्षांत त्यांच्या पिल्लावळीने आसपासची झाडं ओरबाडून काढली, आणि ती कीड आजही उत्तर अमेरिकेतल्या जंगलांची डोकेदुखी आहे. काडीकिड्यांची अंडीही कचऱ्यातून अशीच बाहेर जातात. ती बियांसारखी दिसतात आणि लेंड्यांत मिसळलेली असतात, म्हणून लेंड्या कधीही तशाच फेकू नयेत.

तुमच्याच परिसरात आढळणारी जात, तिथेच मिळवलेली आणि निरोगी असेल, तरच सोडण्याचा विचार करा. मोनार्क ही अमेरिकेतली स्थलांतर करणारी फुलपाखरं. विकतच्या मोनार्कबद्दल शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त वाढवलेल्या मोनार्कना स्थलांतराची दक्षिण दिशा धरता येत नाही. गर्दीत वाढवलेल्या फुलपाखरांमधून रोगही रानातल्या फुलपाखरांत जातात.

तेव्हा संख्या अंड्यांच्याच टप्प्यावर रोखा. पुढच्या खेपेला हवी तेवढी अंडी मोजून ठेवा, बाकीची बंद पिशवीत भरून फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर ठेवा, मग टाका. काडीकिड्यांच्या लेंड्याही याच पद्धतीने. जास्तीचे मीलवर्म पक्षी किंवा सरडे पाळणारे आनंदाने नेतात. मुलाचा एखाद्या अळीवर जीव बसला असेल तर ते कोणाच्या पोटात जाणार हे आधी सांगा, नंतर कळलं तर भांडण होतं. मेलेले पतंग आणि भुंगेरे फेकू नका. ते कापसावर वाळवून, तारीख आणि नाव लिहून काड्यापेटीत ठेवले की भिंगाखाली बघायला बरेच दिवस पुरतात. फक्त पेटी कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा, नाहीतर दुसरेच बारीक किडे येऊन संग्रहाचा भुगा करतात.